आंधळगांवचा कोसा आणि त्याचीं दोन झाडें

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत आंधळगांव नांवाचें गांव आहे. कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारें गांव म्हणून तें विदर्भांत सर्वांस परिचित आहे. कोष्टी विणकरांनीं विणलेलें कोसा-वस्त्र लग्नकार्यांत व देवकार्यांत मानानें वापरलें जातें. या गांवाचा इतिहास लिहावयास कोणी बसला, तर त्याची दृष्टि प्रथम मागाकडे जाईल, मग विणकराच्या जातीकडे, नंतर कापडाच्या पेठांकडे. आणि बहुधा तेथेंच थांबेल. याचें कारण उघड आहे. वस्त्र विकलें जातें, त्याचा दाम हिशेबांत येतो, त्यावर कर बसतो, तें आहेरांत दिलें जातें. म्हणून वस्त्राचा कागद होतो. वस्त्रापूर्वीं सूत, सुतापूर्वीं कोश आणि कोशापूर्वीं झाड, अशा पायऱ्यांनीं जों जों मागें जावें तों तों कागद विरळ होत जातो. आणि झाडापाशीं पोंचेपर्यंत तो जवळ जवळ संपतो.

प्रस्तुत लेख त्या शेवटच्या पायरीविषयीं आहे. कोशाचा किडा ज्यांवर पोसला जातो तीं या भागांतील मुख्य झाडें दोन : ऐन आणि अर्जुन. दोन्हीं या भूमीचीं स्वतःचीं झाडें आहेत. तीं कोणी बाहेरून आणून लाविलेलीं नाहींत. या झाडांचा उल्लेख आपल्या साधनांत कोठें व कशा रूपानें आढळतो, तो वस्त्राच्या इतिहासापासून तुटला कसा, आणि हीं दोन टोकें पुन्हां जोडणें ही आज केवळ जिज्ञासेची बाब कां राहिली नाहीं, एवढ्या गोष्टी येथें मांडावयाच्या आहेत.

१. झाड आणि किडा

ऐन हा टेकड्यांवरील व सपाटीवरील मिश्र जंगलांत वाढतो. पूर्व विदर्भांत त्यास येन असेंही म्हणतात. हिंदी मुलखांत साज किंवा साजा. त्याची साल काळपट असून खोल चिरांनीं चौकोनी तुकड्यांत फाटलेली असते, त्यामुळें खोड सुसरीच्या पाठीसारखें दिसतें. अर्जुन हा पाण्याचा सोबती. नदीनाल्यांच्या थडीवर आणि तलावांच्या कांठीं तो उभा असतो. त्याची साल गुळगुळीत, फिकट असून पापुद्र्यांनीं सुटते. दोघेही हिरडा व बेहडा यांच्याच गोत्रांतले. दोघांच्याही फळास लांबीच्या दिशेनें पांच पंख असतात, आणि त्यावरूनच विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यांच्या वर्गास 'पांच पंखांचें' अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें होतें.

याच रॉक्सबर्गानें १८०४ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेंत बंगालच्या टसर व एरंडी रेशीमकिड्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. किड्याचें शास्त्रीय नामकरण त्यापूर्वींच, १७७३ सालीं, ड्रूरी यानें केलें होतें. परंतु किडा कोणत्या झाडावर जगतो, त्यास कोण संभाळतो, कोश कसा होतो, हें पाहून लिहिणारा युरोपीय ग्रंथकार म्हणून रॉक्सबर्गाचें महत्त्व आहे. त्यानें किड्याचीं खाद्यझाडें म्हणून बोर आणि आसीन यांचीं नांवें दिलीं. हा आसीन म्हणजे आपला ऐन होय. झाडाचा अभ्यासक आणि किड्याचा अभ्यासक येथें एकच मनुष्य होता, म्हणून दोहोंचा संबंध त्याच्या लेखांत तुटला नाहीं. पुढें तसें राहिलें नाहीं.

या किड्याची राहणी समजल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाहीं, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. तुतीच्या रेशमाचा किडा घरांत, सुपांत, तोडून आणलेल्या पानांवर वाढतो. कोशाचा किडा जिवंत झाडावर, उघड्या आकाशाखालीं वाढतो. पावसाळा सुरू झाला कीं कोशांतून पतंग बाहेर पडतात, मादी अंडीं घालते, आणि अंड्यांतून निघालेले किडे ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या कोवळ्या पानांवर सोडले जातात. चार वेळां कात टाकून किडा पूर्ण वाढतो व कोश विणतो. हा कोश टणक व अंड्याच्या आकाराचा असतो. त्यास एक देंठ असतो आणि त्या देंठाच्या टोकास असलेल्या कड्यानें तो फांदीस घट्ट बांधलेला असतो. दुरून पाहणारास तो झाडाचें फळच वाटावा. हें साम्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें कायद्याच्या भाषेचा विचार करतांना त्याचा उपयोग होणार आहे.

२. नांवांचा गोंधळ

कोसा हा शब्द लोकव्यवहारांत कोश, सूत व वस्त्र या तिन्हींस लावतात. संस्कृत कौशेय शब्दाशीं त्याचें नातें स्पष्ट आहे, पाणिनीनें कोश शब्दापासून कौशेय शब्द साधण्यासाठीं स्वतंत्र सूत्र (४.३.४२) दिलें आहे. यावरून कित्येक लेखक असें धरून चालतात कीं, प्राचीन ग्रंथांत जेथें कौशेय आलें तेथें आपल्या ऐन-अर्जुनावरील कोसाच अभिप्रेत आहे. हें अनुमान घाईचें आहे.

कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या विषयाचें एक महत्त्वाचें साधन आपल्या हातीं आहे. त्यांत पत्रोर्णा नामक वस्त्राच्या धाग्याचीं उत्पत्तिस्थानें म्हणून मगध, पुंड्र व सुवर्णकुड्य हे देश सांगितले असून नागवृक्ष, लिकुच, बकुल आणि वट हीं झाडें दिलीं आहेत. प्रत्येक झाडाच्या धाग्याचा रंगही निरनिराळा सांगितला आहे. त्यानंतर कौशेय व चीनपट्ट यांचा उल्लेख येतो. अमरकोशांत पत्रोर्णाचा अर्थ धुतलेलें कौशेय असा आहे. आतां पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, अर्थशास्त्राच्या या यादींत ऐनही नाहीं आणि अर्जुनही नाहीं. विदर्भाचें नांवही तेथें नाहीं. तेव्हां भंडाऱ्याच्या कोशाची परंपरा कौटिल्यापर्यंत नेऊन भिडविण्यास हा ग्रंथ आधार देत नाहीं. तथापि एक गोष्ट त्यावरून निश्चित होते. धागा कोणत्या झाडावरचा, हें सांगितल्यावांचून त्याची जात ठरत नाहीं, अशी त्या काळच्या कोशाध्यक्षाची समजूत होती. वस्त्राची परीक्षा झाडावरून करण्याची ही रीति आपण पुढें विसरलों.

दुसरा गोंधळ झाडाच्या नांवाचा. हिंदी व बंगाली प्रदेशांत ऐनास आसन म्हणतात. अमरकोशांत असन शब्द आहे, पण त्याचे पर्याय पीतसारक, बंधूकपुष्प असे आहेत. त्यावरून व वैद्यकांतील परंपरेवरून तो बिवळा, म्हणजे विदर्भांतील बिजा, ठरतो. मराठींत असाणा म्हणून जें झाड आहे तें या दोहोंहूनही वेगळें. एका नांवाभोवतीं अशीं तीन झाडें उभीं आहेत. म्हणून एखाद्या निघंटूंत, दानपत्रांत किंवा वैद्यकाच्या पोथींत असन असा शब्द आला तर तो ऐन समजून कोशाचा पुरावा म्हणून पुढें करूं नये. अर्जुनाविषयीं असा घोटाळा नाहीं. अमरानें त्यास ककुभ, वीरतरु, इंद्रद्रु यांबरोबर नदीसर्ज असेंही नांव दिलें आहे, आणि हें शेवटचें नांव त्याच्या नदीकांठच्या वस्तीशीं जुळतें. अर्जुनाची साल हृदयरोगावर देण्याचा पाठ चक्रपाणिदत्ताच्या चिकित्साग्रंथांत, म्हणजे अकराव्या शतकांत, आहे. वैद्यांनीं अर्जुन असा संभाळून ठेविला. ऐनास मात्र असा कोणी ग्रंथकार लाभला नाहीं.

३. भाणार देश व त्यांतील रान

भंडारा या नांवाचा जुना पुरावा रतनपूरच्या कलचुरि राजा जाजल्लदेव पहिला याच्या शिलालेखांत आहे. कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इसवी सन १११४, या वर्षाच्या त्या लेखांत राजास दरवर्षीं नेमून दिलेला कर देणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांत लांजिका व वैरागर यांच्या जोडीला भाणार असें नांव येतें. लांजिका म्हणजे लांजी व वैरागर म्हणजे वैरागड. हा सर्व पट्टा वैनगंगेच्या खोऱ्यांतला व त्याच्या आसपासचा, रानाचा व तलावांचा. हा कर कोणत्या वस्तूंच्या रूपानें जात होता, याचा तपशील लेखांत नाहीं.

त्याहून जुन्या वाकाटक ताम्रपटांत रानाच्या उत्पन्नाचा अप्रत्यक्ष उल्लेख येतो. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक येथील ताम्रपटांत, त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षीं, दान दिलेल्या गांवास ज्या माफ्या दिल्या त्यांत फुलें व दूध पुरविणें, फिरतीवरील अधिकाऱ्यांस गवत, कातडीं व कोळसा देणें, मीठ व मद्य यांसंबंधींचें देणें, अशा बाबी आहेत. डॉ. वा. वि. मिराशी यांनीं या ताम्रपटांचें संपादन करून त्यांतील परिभाषेचा अर्थ लावून दिला आहे. माफीची यादी ही उलट बाजूनें वाचली म्हणजे देण्याची यादी होते : जेथें माफी नव्हती तेथें खेडुतांस फुलें, गवत व कोळसा द्यावा लागे. चम्मक हें गांव वऱ्हाडांतलें आहे, वैनगंगेकांठचें नव्हे. आणि कोशाचा उल्लेख या यादींत नाहीं. परंतु रानांतील वस्तूंवर राजसत्तेची दृष्टि होती, आणि ती दृष्टि पानाफुलापर्यंत पोंचत होती, हें त्यावरून कळतें.

राजाच्या कागदांत ऐन आला नाहीं तरी लोकांच्या धर्मांत तो होता. गोंडांचा श्रेष्ठ देव बडा देव, म्हणजे पेरसा पेन, याचें ठाणें साजाच्या झाडांत मानण्याची चाल रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य प्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत नोंदली आहे. म्हणजे ऐन हा एकाच वेळीं देवाचें स्थान, कोशाचें माहेर आणि घराची तुळई होता. त्याच्या सालींत चुन्याचा अंश पुष्कळ. ती जाळून होणारी राख विड्यास चुना म्हणून वापरीत, हेंही जुन्या वनस्पतिविषयक ग्रंथांत नमूद आहे. गांवाच्या एका झाडावर इतके जण हक्क सांगत होते, आणि त्यांपैकीं कोणाचाही हक्क कागदावर नव्हता.

अर्जुनाची गोष्ट तलावांशीं बांधलेली आहे. या भागांतील शेंकडों तलाव कोहळी समाजाच्या कर्तृत्वाचे साक्षीदार आहेत. पुढें मालगुजारीच्या काळांत ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊं लागले. तलाव बांधला म्हणजे धानास पाणी मिळतें, एवढाच अर्थ आपण करतों. पण पाण्याच्या कांठीं अर्जुन वाढतो, पाण्यांत मासे वाढतात, आणि पाण्यावर धीवर जगतो.

४. धीवर आणि कोष्टी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कोशाची शेती परंपरेनें प्रामुख्यानें धीवर करीत आले. मासेमारी करणारी हीच जात कोशाकडे कां वळली, याचें उत्तर वरील वर्णनांत आहे : तलाव आणि रान एकमेकांस लागूनच होते. किडे झाडावर सोडल्यापासून कोश बांधले जाईपर्यंत माणसाला रानांत राहावें लागतें. कावळा, मैना, मुंग्या, गांधीलमाशा, सर्वच किड्याचे वैरी. गलोल घेऊन दिवसभर पाखरें हांकावीं लागतात. एका झाडाचीं पानें संपलीं म्हणजे फांद्यांसह किडे दुसऱ्या झाडावर न्यावे लागतात. या दिवसांत कोसा पाळणारांनीं मांसाहार वर्ज्य करावा, ब्रह्मचर्य पाळावें, शुचिर्भूत राहावें, असे निर्बंध असल्याचें टसर रेशमाच्या जुन्या वृत्तांतांतून वाचावयास मिळतें. झाडावर देव आहे आणि झाडावर किडा आहे, अशा ठिकाणीं मनुष्य व्रतस्थ राहिला यांत नवल नाहीं.

किड्यास कोवळें पान लागतें, म्हणून ऐन उंच वाढूं न देतां छाटून बुटका ठेवतात. ही बारीकशी वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. लांकडासाठीं ऐन राखणारा तो सरळ व उंच वाढावा म्हणून धडपडतो. कोशासाठीं राखणारा त्याला झुडूप करून ठेवतो. एकच झाड, पण दोघांना तें दोन निरनिराळ्या रूपांत हवें आहे. पुढील काळांतला सारा तंटा या भेदांत बीजरूपानें आहे.

कोश तयार झाल्यावर ते क्षारयुक्त पाण्यांत उकळून मऊ करतात व त्यांतून धागा काढतात. हें काम परंपरेनें घरांतील स्त्रियांचें. कोष्टी हें नांवच कोसा शब्दावरून आलें असावें असें मत प्रचलित आहे. कोसा-वस्त्राचा रंग मधासारखा, फिकट तपकिरी; तो रंगविलेला नसून धाग्याचा मूळचा असतो. या वस्त्रांत करवतकांठी पातळाचा मान विशेष आहे. त्याचे कांठ व अंग निरनिराळ्या धोट्यांनीं विणून एकमेकांत अडकवितात, त्यामुळें दोहोंच्या संधीवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उठते. एका विणीस तीन धोटे लागतात. सोवळ्याचें वस्त्र म्हणूनही कोसा चाले. आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांचें कोशाचें सोवळें अजून पेटींत असेल.

५. एका झाडाच्या दोन वह्या

११ डिसेंबर १८५३ रोजीं नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ सालीं त्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या जमाबंदींत मालगुजारांस गांवाची मालकी मिळाली. रानाचा कांहीं भाग सरकारी वन झाला, कांहीं मालगुजाराच्या हातीं राहिला. १८६५ व १८७८ चे वनविषयक कायदे याच काळांतले.

विलायतेंत याच सुमारास टसर रेशमाचें कौतुक वाढत होतें. लीक गांवच्या टॉमस वार्डल यानें टसर रंगविण्याची कृति सिद्ध करून १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली आणि १८८१ सालीं हिंदुस्थानांतील रानटी रेशमांवर एक पुस्तिका लिहिली. आपल्याकडे पुण्यास मेजर कूसमेकर यानें टसर किडे पाळण्याचे प्रयोग १८७० नंतरच्या दशकांत केले. जॉर्ज वॅट याच्या हिंदुस्थानच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशांत (१८८९ ते १८९३) या रेशमावर विस्तृत माहिती आहे. म्हणजे लिहिणारांची वाण नव्हती. पण लिहिण्याची पद्धत बदलली होती. १९०८ सालचें भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर किंवा त्या मालेंतील दुसरें कोणतेंही उघडून पाहावें. झाडें वनस्पतींच्या व जंगलांच्या प्रकरणांत, विणकाम उद्योगधंद्यांच्या प्रकरणांत, धीवर व कोष्टी लोकसंख्येच्या प्रकरणांत. प्रत्येक माहिती आपापल्या जागीं बिनचूक. पण ऐनाच्या फांदीपासून आंधळगांवच्या मागापर्यंत जाणारी वाट कोणत्याही एका प्रकरणांत सांपडत नाहीं.

याचा परिणाम केवळ वाङ्मयीन झाला नाहीं. वनखात्याच्या वहींत ऐन हा इमारती लांकूड म्हणून आला. त्याची किंमत घनफुटांत ठरली. त्याच ऐनावर दर पावसाळ्यांत कोशाचें पीक घेणारा मनुष्य त्या वहींत आला तर परवानगी मागणारा म्हणून आला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत वनोत्पन्नाची जी व्याख्या आहे ती या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. तींत झाडें, पानें, फुलें, फळें यांचा एक गट आहे. आणि कातडीं, हस्तिदंत, शिंगें, हाडें यांचा दुसरा. रेशीम व कोश हे या दुसऱ्या गटांत, मध व मेण यांच्या जोडीस, प्राण्यांपासून मिळणारें उत्पन्न म्हणून घातले आहेत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें यांत चूक नाहीं. परंतु या वर्गीकरणानें कोश झाडापासून तुटला आणि शिंगांच्या पंगतीस जाऊन बसला. शिंग रानांत पडलेलें सांपडतें. कोश तसा सांपडत नाहीं. त्यासाठीं झाड राखावें लागतें, छाटावें लागतें, त्याखालीं रात्री काढाव्या लागतात.

३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली व मालगुजारांकडील रानें सरकारजमा झालीं. १९५६ सालीं भंडारा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला; १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. दर वेळीं दप्तर हाललें. जुने कागद कांहीं नागपुरास, कांहीं भंडाऱ्यास, कांहीं मालगुजारांच्या वाड्यांतच राहिले.

या भागांतील महसुली कागदांत झुडपी जंगल हा जमिनीचा एक प्रकार आहे. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा जमिनी वनच समजाव्या असा निर्णय दिला. कोशासाठीं छाटलेला ऐन दुरून झुडूपच दिसतो. म्हणून जुन्या कागदांत झुडपी हा शेरा आढळला तर ती जागा निरुपयोगी होती असें संशोधकानें समजूं नये. तेथें कोण काय करीत होता हें आधीं विचारावें.

६. कोश पुन्हां झाडावर

२००६ सालीं संसदेनें अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांस मान्यता देणारा अधिनियम संमत केला. त्यांत गौण वनोत्पन्नाची व्याख्या आहे. वनस्पतिजन्य व लांकडाखेरीज असें जें वनोत्पन्न, त्यांत बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी मुळ्या यांबरोबर टसर आणि कोश यांचीं नांवें स्पष्ट घातलीं आहेत. १९२७ सालीं शिंगांच्या गटांत गेलेला कोश ७९ वर्षांनीं वनस्पतींच्या गटांत परत आला. प्राणिशास्त्रज्ञ या वर्गीकरणास हंसतील. पण कोश फांदीस देंठानें बांधलेला पाहणाऱ्या धीवरास त्यांत विपरीत कांहीं वाटणार नाहीं, आणि अर्थशास्त्रकारासही वाटलें नसतें. धागा झाडाचा आहे, ही जुनी समजूत या कायद्यांत पुन्हां उमटली.

परंतु हक्क मिळण्यास एक अट आहे, आणि येथेंच या लेखाचा वाचकांशीं संबंध येतो. महाराष्ट्रांत धीवर अनुसूचित जमातींच्या यादींत नाहींत. त्यामुळें त्यांस इतर पारंपरिक वननिवासी म्हणून मागणी करावी लागते. अशा मागणीदारानें १३ डिसेंबर २००५ पूर्वीं किमान तीन पिढ्या आपली वस्ती वनांत होती व उपजीविका वनावर होती हें दाखविलें पाहिजे. आणि पिढी म्हणजे २५ वर्षें असें कायदाच सांगतो. म्हणजे पुरावा १३ डिसेंबर १९३० पर्यंत मागें नेला पाहिजे. ज्या व्यवहाराचा कागद मुळांतच होत नसे, ज्याची नोंद तीन प्रकरणांत विखुरली, त्याचा पंचाहत्तर वर्षांचा पुरावा खेड्यांतील मनुष्यानें कोठून आणावा?

सुदैवानें, २००८ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या नियमांत पुरावा म्हणून जें ग्राह्य धरलें आहे तें पाहिलें तर ती जणूं आपल्याच संशोधनाची साधनसूचि वाटते : गॅझेटियरें, शिरगणती, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्ययोजना, चौकशीचे कागद, संस्थानी व मध्यस्थ राजवटींचीं दप्तरें, वंशावळी, वडीलधाऱ्यांच्या लिहून घेतलेल्या जबान्या, जुन्या विहिरी, तलाव, देवस्थानें, पवित्र झाडें. यांपैकीं एकाहून अधिक पुरावे जुळावे लागतात. मध्य प्रांताच्या महसुली व्यवहारांतील वाजिब-उल-अर्ज व निस्तार यांच्या नोंदींना येथें विशेष मोल आहे. गांवकऱ्यांस रानांतून काय, कोठून व कोणत्या अटीवर घेतां येई, हें त्यांत लिहिलेलें असतें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतही या दोन्ही कागदांस स्थान आहे. अधिनियमानेंही निस्तार हा शब्द तसाच स्वीकारला आहे.

तेव्हां संग्राहकांस विनंति ही कीं, भंडारा व त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतील मालगुजारी घराण्यांचीं दप्तरें पाहतांना केवळ सनदा, करीने व राजकीय पत्रें वेगळीं काढून बाकीचा गठ्ठा रद्दी म्हणून बाजूस सारूं नये. त्या गठ्ठ्यांतील पुढील गोष्टींची नक्कल ठेवावी. किडे सोडण्यासाठीं झाडें दिल्याबद्दल मालगुजारानें घेतलेली रक्कम किंवा कोशाचा हिस्सा. वनखात्याचे परवाने व पावत्या. कोष्ट्यांच्या चोपड्यांतील कोशखरेदीच्या नोंदी, विकणाराच्या नांवगांवासह. आणि कोश मोजण्याचें माप. पूर्वेकडील टसर मुलखांत काहण म्हणजे १२८० कोश असें माप चालतें. आपल्याकडील चोपड्यांत कोणतें माप येतें तें नोंदलें तर एका गांवचा कागद दुसऱ्या गांवच्या कागदाशीं ताडून पाहतां येईल. नांव, गांव, वर्ष आणि झाड या चार गोष्टी ज्या ओळींत एकत्र आल्या ती ओळ एखाद्या कुटुंबाच्या पोटाची ओळ ठरूं शकते. तिची प्रमाणित नक्कल त्या गांवच्या ग्रामसभेस देणें हें संग्राहकाचें काम समजावें.

वस्त्रांविषयींही असेंच. करवतकांठी पातळांस भौगोलिक चिन्हांकन लाभलें आहे आणि तें योग्यच झालें. पण चिन्हांकन वस्त्राच्या विणीस मिळतें. धागा कोठल्या झाडावरचा हें त्यावरून कळत नाहीं. भंडारा याच नांवानें ओळखली जाणारी टसर किड्याची एक स्थानिक जात आहे. ती येथल्या ऐन-अर्जुनावर, येथल्या पावसाच्या वेळापत्रकावर घडली आहे. हीं झाडें तुटलीं, किंवा उभीं राहूनही त्यांखालीं बसण्याचा हक्क कोणास उरला नाहीं, तर आंधळगांवचा माग परक्या सुतावरही चालूं शकेल. वस्त्राचें नांव तेंच राहील, वीणही तीच राहील. शंभर वर्षांनीं तें वस्त्र हातीं घेणारा संशोधक मात्र त्यावरून या मुलखाविषयीं कांहींच सांगूं शकणार नाहीं. जुनें कोसा-वस्त्र ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं तें कोणी, केव्हां व कोठून घेतलें याची चिठ्ठी त्यास जोडून ठेवावी.

ऐन-अर्जुनासंबंधींच्या नोंदी अशा गोळा झाल्या, तर मोहाडी व तुमसर तालुक्यांपासून आरंभ करून गांववार यादी करतां येईल. त्या यादींत गांवाच्या नांवापुढें तीन रकाने असावे : झाडें कोठें होतीं, किडे कोण सोडीत असे, आणि कोश कोणत्या कोष्ट्याकडे जात. तिन्ही रकाने भरलेलीं दहा गांवें मिळालीं तरी कोशाच्या इतिहासास खरा आरंभ झाला असें म्हणतां येईल. पहिली ओळ आंधळगांवची असावी.